९०.८ : आपल्या गावापुरता रेडिओ. कोण कोण ऐकायचं?

उसवण_टाका

ब्लाऊज शिवणं, फॉल-बीडिंग, जुन्या कपड्यांची आल्टरेशनं असं माझं घरगुती काम आहे, गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत. या कामात डोळे सुईवर, हात कापडावर आणि पाय पेडलवर अडकलेले असतात. कान तेवढे मोकळे. टीव्ही लावला की मान वर जाते आणि टीप वाकडी येते. मोबाईलवर काही लावलं की दर थोड्या वेळाने बोट लावावंच लागतं. म्हणून मशीनशेजारच्या खिडकीत बरीच वर्षं एक छोटा रेडिओ आहे आणि त्याचा काटा बहुतेक वेळ ९०.८ वर असतो. रेडिओ विश्वास. विश्वास ज्ञान प्रबोधिनी ही संस्था चालवते ते सामुदायिक केंद्र, आपल्याच नाशिकचं.

परवा माप द्यायला आलेल्या एका ताईंनी विचारलं, "हे कुठलं स्टेशन लावलंय? जाहिराती कशा नाहीत सारख्या?" जन्म नाशिकमध्ये गेलेला, आणि गावात असं काही आहे हे माहीतच नाही. म्हटलं, धागा काढू या.

मला तिथले आवाज आवडतात. मोठ्या खासगी वाहिन्यांवरची मंडळी सकाळी सातला इतक्या उत्साहात असतात की मला त्यांची काळजी वाटते. छोट्या केंद्रावर बोलणारी माणसं पुष्कळदा माइकसमोर पहिल्यांदाच बसलेली असतात. खाकरतात, "काय म्हणत होते मी" असं स्वतःलाच विचारतात, पाककृती सांगताना "मीठ आपल्या अंदाजाने" म्हणून मोकळ्या होतात. एकदा एक आजोबा त्यांच्या लहानपणच्या नाशिकबद्दल सांगत होते. टांगे, गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, बुधवारचा बाजार, वाड्यातले आड. लिहून आणलं असणार, कारण ऐन रंगात थांबले आणि म्हणाले, "थांबा हं, पुढचं पान खाली गेलं." मग खुर्ची सरकल्याचा आवाज, थोडी शांतता, आणि पान सापडल्याचा एक समाधानी "हां!" मी मशीन थांबवून हसत बसले. तो तुकडा कुणी कापून टाकला नाही, याचं मला फार कौतुक वाटलं.

दुसरं म्हणजे नावं. रविवार कारंजा, अशोक स्तंभ, मेरी, म्हसरूळ, सिडको अशी नावं रेडिओतून ऐकायची सवय आपल्याला नव्हतीच. मुंबई-पुण्याच्या केंद्रांवर नाशिक यायचं ते कांदा, कुंभमेळा नाहीतर पूर आला तर.

तुम्ही कुठे, काय करताना ऐकायचात? अजून ऐकता का? लिहा.

पासधारक_पंचवटी

छान धागा, ताई. रेडिओ विश्वासबद्दल आदर आहेच, पण आकाशवाणी नाशिक, १०१.४, हिला विसरून चालणार नाही. तीही स्थानिकच आणि धंद्यासाठी चालवलेली नाही.

मी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जा-ये करणाऱ्यांपैकी. पासवाल्यांच्या डब्यात एका बाजूला पत्ते, एका बाजूला भजन आणि मधे झोपाळू लोक. मी तिसऱ्या वर्गातला, कानात वायर घालून. नाशिकरोडला ठणठणीत लागायचं. देवळाली गेलं, लहवित गेलं, तरी ठीक. अस्वलीच्या पुढे खरखर सुरू व्हायची. मग मी उठून दारापाशी उभा राहायचो, कारण लोखंडी डब्याच्या पोटात लहर शिरत नाही, दारात शिरते. घोटीपर्यंत असं ओढूनताणून ऐकायचं. इगतपुरीनंतर बोगदे लागले की यंत्र खिशात.

गंमत परतीच्या वाटेवर. घाट चढून गाडी वर आली की मी बटण चालू करून ठेवायचो. नुसती खरखर. मग त्या खरखरीतून कधीतरी अर्धं वाक्य यायचं, बहुतेक वेळा शेतीचं काहीतरी, "...फवारणी सकाळी किंवा सायंकाळी करावी." माझा शेतीशी काडीचा संबंध नाही. पण ते ऐकलं की घर आलं असं वाटायचं.

जुना_वाल्व

दारात नीट लागतं याचं कारण बरोबर सांगितलंत. भद्रकालीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून थोडं तांत्रिक सांगतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

सामुदायिक केंद्राला साधारणपणे १०० वॉट एवढीच प्रक्षेपणशक्ती मिळते, आणि मनोरा फार तर ३० मीटर. आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा मध्यम लहरींवरचा ट्रान्समीटर, ७९२ किलोहर्ट्झवाला, १०० किलोवॉटचा. म्हणजे हजारपट. त्यामुळे सामुदायिक रेडिओ दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडे गेला तर नशीब समजायचं. शिवाय एफएमची लहर सरळ रेषेत जाते. मध्ये डोंगर आला, उंच इमारत आली, की तिच्यामागे सावली पडते. पांडवलेण्यापलीकडे राहणाऱ्या गिऱ्हाइकांना मी हे कैकदा समजावलंय, ते मात्र माझ्या दुरुस्तीवरच शंका घ्यायचे.

मध्यम लहरींचं उलट. रात्री त्या वरच्या वातावरणावरून परतून लांबवर पोचतात. म्हणून नाशिकमध्ये एफएम नव्हतं तेव्हा रात्री मुंबई, पुणे, आणि मधूनच कुठलंतरी परदेशी केंद्र, अशी खिचडी लागायची. एएममध्ये, म्हणजे या मध्यम लहरींवर, दोन केंद्रं एकमेकांत मिसळतात. एफएममध्ये जे जोरदार ते दुसऱ्याला गिळतं. त्यामुळे ९०.८ लागलं तर स्वच्छ लागतं, नाहीतर लागतच नाही.

दुकानात सर्वांत जास्त यायचा तो बिघाड डायलच्या दोऱ्याचा. जुन्या मर्फी-फिलिप्सच्या संचात बटण फिरवलं की एक बारीक दोरा कप्प्यांवरून फिरतो आणि काटा सरकवतो. तो दोरा तुटायचा किंवा सैल पडायचा. काटा एका जागी, केंद्र भलत्याच ठिकाणी. नवा दोरा ओवताना स्प्रिंग दाताखाली धरून दोन्ही हातांनी दीड वेढा द्यायचा. चुकलं तर काटा उलट्या दिशेने पळतो. एका गृहस्थांचा काटा असाच आधीच्या कारागिराने उलटा करून ठेवला होता. मी म्हटलं, नीट करून देतो. तर म्हणाले, "राहू द्या, आता सवय झाली."

तरुण मंडळींना आणखी एक गंमत सांगतो. रेडिओ ठेवायला परवाना लागायचा. पोस्टात पैसे भरून पुस्तिकेवर तिकिटं लावून घ्यायची. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. माझ्याकडे अशा बेवारस पुस्तिका अजून आहेत.

मिसळ_कट्टा

वाचनखूण साठवली. वाल्वकाका, त्या पुस्तिकांवर वेगळा धागा काढाच.

सातपूरकर

सगळ्यांची माफी मागून थोडं थंड पाणी ओततो.

आपण रेडिओ खरंच ऐकायचो, की नुसता लावून ठेवायचो? मी सातपूरला कारखान्यात होतो. यंत्रांच्या आवाजात काही कळायचं नाही, पण जेवणाच्या सुट्टीत शेडमागे एकाचा रेडिओ चालायचा. गाणं असेल तर माना हलायच्या. तज्ज्ञ बोलायला लागले की कुणीतरी बटण फिरवायचं. आरोग्यावरचा, कायद्यावरचा, बचतगटांवरचा कार्यक्रम कुणी पूर्ण ऐकलाय असं माझ्या आठवणीत नाही. आणि २०१६ साली डेटा स्वस्त झाला तसा तो रेडिओसुद्धा शेडमधून गेला. कुणी हळहळलं नाही.

आता सगळे म्हणतात, काय ते दिवस. अहो, ते दिवस होते तेव्हा आपण बॅटरीचे सेल उन्हात ठेवून पुन्हा वापरत होतो, कारण नवे घ्यायला जिवावर यायचं.

उसवण_टाका

सातपूरकर, मुद्दा मान्य, अर्धा. मीही सगळं कान देऊन ऐकत नाही. कॉलर लावताना कार्यक्रमाची दहा मिनिटं डोक्यावरून जातात. पण महिलांच्या मालमत्तेच्या हक्कावर एक वकीलबाई बोलत होत्या, त्यातलं अर्धवट कानावर पडलेलं मी माझ्या एका गिऱ्हाइकाला सांगितलं, तिने पुढे नीट चौकशी केली आणि भावांबरोबर सातबाऱ्यावर तिचंही नाव लागलं. रेडिओने केलं असं मी म्हणणार नाही, केलं तिनेच. पण कार्यक्रम लावून ठेवलेला नसता तर मला सांगता आलं नसतं.

आणि सेल उन्हात ठेवायचे दिवस मलाही नकोत. माझा रेडिओ विजेवर चालतो :)

खडू_फळा

मी शिक्षिका. ऐकणाऱ्यांमध्ये नाही, बोलणाऱ्यांमध्ये होते, म्हणून लिहिते.

२०२० च्या जूनमध्ये शाळा कागदोपत्री सुरू झाल्या, इमारती बंदच. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी स्मार्टफोन नाही, जिथे होता तिथे तो वडिलांच्या खिशात आणि वडील कामावर. तेव्हा रेडिओ विश्वासने 'शिक्षण सर्वांसाठी' हा उपक्रम चालवला. तिसरी ते दहावीच्या मुलांसाठी रेडिओवरून पाठ. जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांमधली मुलं डोळ्यांसमोर ठेवून. पाठ घ्यायला आम्ही शिक्षकच. पुढे राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कारांत या उपक्रमाला बक्षीस मिळालं तेव्हा आमच्या ग्रुपवर जो काही धुमाकूळ झाला, विचारू नका.

पहिल्यांदा रेकॉर्डिंगला बसले तो अनुभव सांगते. वर्गात मी हातवारे करते, फळ्यावर टिचकी मारते, मागच्या बाकाकडे नुसतं बघते. यातलं काहीच चालणार नव्हतं. समोर माइक आणि काच. पहिली सूचना अशी की कागद सुटे ठेवा, टाचणी लावू नका, पान उलटू नका, उचलून अलगद बाजूला ठेवा. पान उलटल्याचा आवाज माइकला फार मोठा ऐकू येतो. दुसरी सूचना, माइकला थोडं तिरकं बसा. 'प', 'फ', 'भ' म्हणताना तोंडातून वारा निघतो तो सरळ माइकवर आदळला की 'ठप्प' असं ऐकू येतं. मी मराठी शिकवते. 'भाषा' हाच शब्द दर दोन वाक्यांनी!

सर्वांत अवघड होतं ते थांबणं. मी संधी शिकवत होते. "सूर्य अधिक उदय, सांगा बरं काय होईल?" असं विचारलं आणि लगेच उत्तर दिलं. काचेमागून खूण झाली, थांबा, मुलांना वेळ द्या. मग पुन्हा विचारलं आणि मनात आकडे मोजले. एक, दोन, तीन, चार. रिकाम्या खोलीत, समोर कुणी नसताना, ते चार आकडे संपता संपेनात. वर्गात चार सेकंदांत दहा हात वर होतात आणि दोन जण भांडतात. इथे काहीच नाही. मग मी विश्वासाने म्हटलं, "शाब्बास! सूर्योदय." कुणाला शाब्बास म्हणाले मलाच ठाऊक नाही.

फळा नसल्याने सगळं बोलून काढावं लागायचं. "वहीत आडवी रेघ मारा, तिच्या डावीकडे पहिला शब्द लिहा, उजवीकडे दुसरा." खरं सांगते, त्या पाठांनंतर माझं वर्गातलं शिकवणं सुधारलं. आधी मी "हे असं इकडे" म्हणून फळ्याकडे बोट दाखवायचे, आता शब्दांत सांगते.

एक गोष्ट लिहायलाच हवी. केंद्राची लहर शहरापुरती, आणि गरज तर त्यापलीकडेही होती. इगतपुरी तालुक्यातल्या शाळांच्या मुलांना यूएसबी असलेले एफएम संच दिले गेले, त्यात पाठ भरलेले. महाराष्ट्रातल्या दुसऱ्या काही सामुदायिक केंद्रांनीही हे पाठ वाजवले. त्यामुळे माझा 'सूर्योदय' नेमका किती गावांत झाला ते मला सांगता येणार नाही.

मखमलाबादचा_पक्या

मॅडम!! मी तेव्हा आठवीत. तुम्हीच होतात का माहीत नाही, पण संधी शिकवणाऱ्या मॅडम आम्ही ऐकलेल्या आहेत.

आमच्याकडे पप्पांचा साधा बटणाचा फोन. त्यात एफएम होतं, पण इयरफोनची वायर खोचल्याशिवाय लागायचं नाही, कारण वायर हीच एरियल. इयरफोनचा एक कान मेलेला. मग आम्ही वायर खोचून आवाज स्पीकरवर घ्यायचो आणि वायर खिडकीच्या गजाला गुंडाळायचो. गजाच्या वरच्या टोकाला गुंडाळली तर मस्त, खालच्या टोकाला खरखर. हे शास्त्र माझ्या बहिणीने शोधलं.

ते "सांगा बरं" आणि मग शांतता, ते आठवतं. त्या शांततेत माझा धाकटा भाऊ, तो तिसरीत, त्याला काही कळत नसताना जोरात ओरडायचा, "सात!" कुठलाही विषय असो. मराठी, हिंदी, संस्कृत, उत्तर सात. मग तुम्ही "शाब्बास" म्हणायच्या आणि तो आमच्याकडे बघायचा.

खडू_फळा

पक्या, मी इथे एकटी बसून खदाखदा हसते आहे. भावाला सांग, त्याचे सगळे गुण दिले.

कायद्याचं_बोला

धागा वाचनीय. काही जणांनी 'छोटं खासगी स्टेशन' असं मोघम म्हटलंय दुसऱ्या ठिकाणी, म्हणून नियम स्पष्ट करतो.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपण हक्कांच्या खटल्यात सांगितलं की प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तोवर रेडिओ म्हणजे सरकार. २००२ च्या धोरणाने शिक्षणसंस्थांना सामुदायिक केंद्र काढता येऊ लागलं, आणि २००६ मध्ये ते दार स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांसाठी उघडलं. देशातलं पहिलं केंद्र चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं, २००४. आपल्याकडे पुणे विद्यापीठाची विद्यावाणी, म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी ही ठळक नावं.

निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक हवेत. नफा कमवायचा नाही. जाहिराती चालतात, पण मर्यादेत. सुरुवातीला तासाला ५ मिनिटं, नंतर ७, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत १२ केली. सरकारी जाहिरातीचा दर त्याच वेळी १० सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ झाला. म्हणजे धागाकर्तीच्या गिऱ्हाईक ताईंना 'जाहिराती कशा नाहीत' असं वाटलं, त्यामागे केंद्राचा साधेपणा आहे आणि नियमही आहे.

मला खटकतं ते बातम्यांचं. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, एवढंच. गल्लीत काय घडलं हे गल्लीतल्या रेडिओने सांगायचं नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीही काहीही सांगावं. हा काय न्याय?

पासधारक_पंचवटी

शेवटच्या मुद्द्याला +१००.

सातपूरकर

७४ रुपयांत दहा सेकंद? आमच्या चौकातला फ्लेक्सवाला ऐकेल तर रडेल. या पैशात केंद्र चालतं कसं, हा खरा प्रश्न. पगार, वीज, दुरुस्ती?

कायद्याचं_बोला

म्हणूनच बरीच केंद्रं मंजुरी मिळूनही बंद पडली. जी टिकली ती मागे उभ्या असलेल्या संस्थेमुळे आणि लोकांनी विनामूल्य दिलेल्या वेळामुळे. त्या राष्ट्रीय पुरस्कारांत टिकाऊ आर्थिक रचनेसाठी वेगळा गट आहे, आणि त्यातही रेडिओ विश्वासला पहिलं बक्षीस मिळालेलं आहे. तुमचा प्रश्न थेट तिथे विचारलात तर आकडेमोड मिळेल.

ऑक्टोबर_छाटणी

राम राम मंडळी. मी दिंडोरी तालुक्यातला, द्राक्षबागायतदार. ९०.८ आमच्याकडं येत नाही, कधी ढगाळ दिवशी माळावर चढलो तर अर्धवट येतं. आमचा भरवसा १०१.४ वर.

वर कुणीतरी म्हटलंय की तज्ज्ञ बोलायला लागले की बटण फिरवायचे. आमच्याकडं उलट होतं भो. गाणी लागली की बटण फिरवायचे आणि हवामान लागलं की सगळे गप. ऑक्टोबर छाटणी झाली, फूट निघाली, आणि त्यात पाऊस आला की डावणीचा रोग. पानाच्या वरल्या अंगाला पिवळा तेलकट डाग, खालच्या अंगाला पांढरी बुरशी. एका रात्रीत बाग हातची जाऊ शकते. तेव्हा उद्या ढग आहेत का, एवढं एक वाक्य लाखाचं.

रेडिओची खोड अशी की एकदा बोलून गेला की गेला. मागं घेता येत नाही. औषधाचं प्रमाण सांगायला लागले की आमचे वडील हाताला लागेल ते घ्यायचे आणि पंपाच्या खोलीच्या भिंतीवर लिहायचे. विटेच्या तुकड्यानं, कोळशानं, एकदा तर गेरूत बोट बुडवून. बोर्डो मिश्रणाचं प्रमाण, जिब्रेलिकचं प्रमाण, त्याच्याखाली तारीख, कधी नुसतं "रेडिओ" असं. खोलीला चुना द्यायला गडी आला तर वडिलांनी ती एक भिंत सोडून बाकीच्या तीन रंगवायला लावल्या. त्यातली निम्मी औषधं आता निर्यातीच्या मालाला चालत नाहीत. पण भिंत तशीच आहे.

आता सल्ला मोबाईलवर येतो. पाच ग्रुपवर पाच प्रमाणं. कोण सांगतंय ते कळत नाही, शेवटी दुकानदाराचं नाव निघतं. रेडिओवरचा माणूस निदान औषध विकत नव्हता.

मिसळ_कट्टा

भिंतीचा फोटो टाका दादा!

बाकी, रेडिओ म्हटलं की मला रविवारची मिसळ आठवते. आमच्या नेहमीच्या ठिकाणी भट्टीशेजारी रेडिओ चालायचा आणि रस्सा...

संपादक_मंडळ

मिसळीसाठी चार धागे आधीच चालू आहेत. कृपया तिकडे.

मिसळ_कट्टा

बरं. 😐

दुतोंड्या_शेजारी

मी सराफ बाजारातला, म्हणजे पूर आला की आमचं दुकान आधी. आपल्याकडे पुराचं माप मीटरमध्ये कुणी विचारत नाही. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, असंच विचारतात.

४ ऑगस्ट २०१९, रविवार. रात्रभर पाऊस, पहाटेपासून दुकानातला माल माळ्यावर चढवत होतो. वीज गेली. मोबाईल होते, पण ग्रुपवर जुन्या पुरांचे व्हिडिओ आजचे म्हणून फिरत होते. धरणाबद्दल काय काय अफवा, लिहिण्यात अर्थ नाही. काकांनी गल्ल्यामागच्या खणातून ट्रान्झिस्टर काढला. आकाशवाणीवर गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडताहेत तो आकडा आला. काकांचं सगळं गणित त्या आकड्यावर. धरणातून सोडलेलं पाणी होळकर पुलापाशी यायला किती वेळ, तिथून पुढे आमच्या पायरीला किती वेळ, हे त्यांना २००८ च्या पुरापासून पाठ. आकडा ऐकला आणि म्हणाले, "वरच्या फळीवरचं पण उचला." आम्ही उचललं. पाणी त्या फळीला लागलंच.

बरोबर आकडा, शांत आवाजात. त्या दिवशी मला रेडिओकडून दुसरं काही नको होतं.

जुना_वाल्व

क्युसेकवरून वेळ काढणारे तुमचे काका ग्रेट. अशी माणसं पाटबंधारे खात्यात हवीत.

आजीचा_नातू

धागा वाचून एक मदत हवी. आजी आमच्याकडे इंदिरानगरला राहायला आलीय. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून टीव्ही फार वेळ बघवत नाही. तिला रेडिओ हवाय. माझ्या फोनला इयरफोन खोचायला भोकच नाही, त्यामुळे एफएम असलं तरी उपयोग नाही. (२०२३ मध्ये सरकारने कंपन्यांना फोनमधलं एफएम चालू ठेवा असा सल्ला दिला होता म्हणे, पण वायर कुठे खोचायची ते नाही सांगितलं.) ऑनलाइन बघितलं तर सगळ्या रेडिओंना ब्लूटूथ, टॉर्च, मेमरी कार्ड, रंगीत दिवे. आजीला फक्त दोन बटणं हवीत, आवाजाचं आणि स्टेशनचं. शिवाय ९०.८ घरात नीट लागेल का?

जुना_वाल्व

काट्याचा घ्या, आकडे दाखवणारा नको. आकड्यांच्या संचात चुकून बोट लागलं की केंद्र हरवतं आणि वयस्क माणूस घाबरतो. मेन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत साधे संच अजून मिळतात. विजेवर आणि सेलवर दोन्हीवर चालणारा मागा.

इंदिरानगरला लागायला हरकत नाही, पण इमारत बघून. गंगापूर रोडच्या दिशेची खिडकी निवडा. तरी खरखर आली तर साधी तांब्याची वायर घ्या, ८२ सेंटीमीटर कापा. ९०.८ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३ मीटर ३० सेंटीमीटर, तिचा चौथा भाग तेवढा. एक टोक संचाच्या एरियलला चिमट्याने लावा, दुसरं उभं, खिडकीच्या वरच्या बाजूला. वरच्या पक्याच्या बहिणीने हेच केलं होतं, फक्त तिने मोजलं नव्हतं. मिक्सर आणि स्वस्तातला एलईडी दिवा यांच्याजवळ ठेवू नका.

उसवण_टाका

आणि काटा कुठे थांबवायचा ते आजींना दिसावं म्हणून डायलच्या काचेवर नेलपॉलिशचा ठिपका लावा, लाल. माझ्या सासूबाईंना असाच लावून दिला होता. हाताला उंचवटाही लागतो.

आजीचा_नातू

संच आणला. वायरही लावली, पूर्वेच्या खिडकीत नाही लागलं, स्वयंपाकघराच्या खिडकीत लागलं. त्यामुळे आजीने आपली खुर्चीच तिकडे हलवलीय आणि आता आईच्या फोडणीवर टिप्पणी चालू असते. ठिपका लावला. दुसऱ्या दिवशी आजी म्हणाली, शेतीचं कुठे लागतं ते पण सांग, तिथे दुसऱ्या रंगाचा लाव. घरात दुसरा रंग नव्हता, बहिणीचा मोरपंखी चोरून १०१.४ वर लावलाय. बहिणीला अजून कळलेलं नाही.